दुखऱ्या पायाची कैफियत

पनवेलहून उरणकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, जेथे एके काळी भाताची खाचरे आणि खाडीकाठची मिठागरे नजर पोहोचेल तेथवर पसरलेली होती आणि जेथे आज बंदराकडे निघालेल्या कंटेनरवाहू ट्रेलरांची रांग दिवसरात्र खंडत नाही, ते जासई गाव महाराष्ट्राच्या स्मरणात आहे ते १९८४ सालच्या शेतकरी लढ्यामुळे. याच गावी १९२६ साली जन्मलेले दिनकर बाळू पाटील, ज्यांना सारा रायगड जिल्हा ‘दि. बा.’ याच नावाने ओळखतो, त्यांच्या नेतृत्वाखाली नवी मुंबई प्रकल्पासाठी संपादन होणाऱ्या जमिनींचा रास्त मोबदला मागण्यास शेतकरी उभे राहिले, आणि त्या वर्षीच्या १६ व १७ जानेवारीला झालेल्या पोलिस गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकास परत देण्याचे तत्त्व त्या रक्तातून पुढे आले. दरवर्षी त्याच तारखांना हुतात्म्यांना अभिवादन होते. आणि जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी, म्हणजे त्याच सुमारास, मुंबईची मॅरेथॉन होते, जिच्या तयारीसाठी या पट्ट्यातील तरुण-तरुणी पावसाळा सरला की पहाटेच्या काळोखात रस्त्यावर उतरू लागतात.

माघार घेणे ज्या गावाला ठाऊक नाही, त्या गावात वाढलेल्या मुलाची नडगी शर्यतीच्या तीन-चार आठवडे आधी ठणकू लागली, तर त्याला ‘थांब’ म्हणून सांगणे सोपे नसते. सहन करणे हा त्याला मिळालेला पहिला संस्कार असतो, आणि तो संस्कार वंदनीयच आहे. परंतु सहनशीलतेचा उपयोग कोठे करावा याचाही एक विवेक असतो. रेंगाळणाऱ्या दुखण्याची कैफियत मुदतीत ऐकून घेणे, तिचा नीट तपास करणे आणि तपासाअंती जो निर्णय निघेल, मग तो धावण्याचा असो वा न धावण्याचा, तो निष्ठेने पाळणे, हे मोडक्या पायाने अंतर रेटण्यापेक्षा अधिक धैर्याचे काम आहे, अशी माझी धारणा आहे. आणि तीच येथे सकारण मांडण्याचा हेतू आहे.

अंतराचा हिशेब

मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर, आणि अर्धमॅरेथॉनचे त्याच्या बरोबर निम्मे. या अंतराची कल्पना जासईकरास यावी यासाठी गावाच्या शेजारी चिर्ले येथे उतरणारा अटल सेतू पुरेसा आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या या सेतूची लांबी सुमारे २१.८ किलोमीटर असल्यामुळे, शिवडीपर्यंत एकदा धावत जाणे ही अर्धमॅरेथॉन झाली आणि तेथून आल्या पावली परत फिरणे ही जवळजवळ पूर्ण मॅरेथॉन. धावताना प्रत्येक पावलागणिक जमिनीकडून पायावर येणारा आघात शरीराच्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट असतो. म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाच्या पायाला क्षणभर १२० ते १८० किलोंचा भार पेलावा लागतो, आणि पूर्ण मॅरेथॉनमध्ये अशी पावले चाळीस हजारांच्या आसपास पडतात.

हा भार मुळात हितकारकच असतो, कारण हाडे, स्नायू आणि त्यांना जोडणाऱ्या कंडरा भार पडल्यावाचून बळकट होत नाहीत. अडचण आहे ती काळाची. नियमित सरावाने दम काही आठवड्यांत वाढतो, पण हाड आणि कंडरा यांना बळकट होण्यास महिने लागतात. वाढत्या भाराची जाणीव होताच शरीर प्रथम हाडातील जुना, झिजलेला अंश विशिष्ट पेशींकडून काढून टाकते आणि मागाहून तेथे नवे हाड रचते. हे संपूर्ण चक्र पुरे होण्यास साधारण तीन ते चार महिने लागतात, आणि काढणे व रचणे यांच्या दरम्यानचे काही आठवडे ती जागा पूर्वीपेक्षाही दुर्बल असते. खारजमिनीचा बांध दुरुस्त करणारा शेतकरी आधी पोकळ झालेली माती उकरतो आणि मग नवी चिकणमाती भरतो, आणि या दोहोंच्या मधल्या दिवसांत उधाण आले तर बांधाला खांड जाते, तशीच हाडाची स्थिती असते. उत्साही धावपटू नेमक्या याच काळात, दम वाढल्याच्या आनंदात, अंतर एकाएकी वाढवतो.

‘दर आठवड्याला दहा टक्क्यांहून अधिक अंतर वाढवू नये’ हा नियम धावपटूंच्या तोंडी असतो. हॉलंडमधील ग्रोनिंगन येथील संशोधकांनी पाचशेहून अधिक नवशिक्या धावपटूंवर तो पारखून पाहिला व २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा हा नियम पाळणाऱ्या आणि न पाळणाऱ्या अशा दोन्ही गटांत सुमारे पाचांतल्या एकाला दुखापत झालेली आढळली. यावरून नियम टाकाऊ ठरत नाही. एवढेच ठरते की कोणतीही एक टक्केवारी सर्वांच्या हाडांना सारखी लागू पडत नाही, आणि म्हणून शरीराने दिलेल्या सूचनेकडे लक्ष ठेवण्याचे काम कोणत्याही वेळापत्रकाकडे सोपवता येत नाही.

दुखणे कोणते, हे आधी ठरवावे

पाय दुखतो, एवढ्या मोघम तक्रारीवर कोणताही उपाय योजता येत नाही. दुखण्याची जागा, वेळ आणि चाल या तीन गोष्टी नीट न्याहाळल्या तर निम्मा तपास घरच्या घरी होतो. पोलिस भरतीची तयारी करणारी मुले ज्याला ‘शिन पेन’ म्हणतात, ते दुखणे नडगीच्या आतल्या कडेने, खालच्या भागात, चार बोटे किंवा त्याहून लांब पट्ट्यात पसरलेले असते. धावण्याच्या आरंभी ते जाणवते आणि सौम्य असेल तेव्हा शरीर तापल्यावर कमी होते. टाचेमागची जाड कंडरा, जिला अकिलीस असे नाव आहे, ती दुखावली तर सकाळी उठल्यावर पहिली काही मिनिटे पाय आखडलेला राहतो, पुढे मोकळा होतो आणि श्रमाच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा आखडतो. तळपायाच्या पट्ट्याचे दुखणे असेल तर अंथरुणातून उठून टेकलेले पहिलेच पाऊल टाचेत कळ उठवते. गुडघ्याच्या वाटीभोवतीचे दुखणे जिना उतरताना, उकिडवे बसताना किंवा एसटीत फार वेळ गुडघे दुमडून बसल्यावर जाणवते. आणि गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, विशेषतः उतारावर धावताना, ठरावीक अंतरानंतर चमक येत असेल तर मांडीच्या बाहेरच्या बाजूने उतरणाऱ्या पट्ट्याकडे संशय जातो.

ही सारी दुखणी त्रासदायक असली तरी बहुधा आटोक्यात येणारी आहेत. ज्याचे नाव निघताच धावणे तत्काळ तहकूब करावे असे दुखणे वेगळे आहे, आणि ते म्हणजे हाडाला पडलेली बारीक चीर, ज्याला डॉक्टर स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. तिची लक्षणे बहुधा अशी: दुखरी जागा एकाच बोटाने नेमकी दाखवता येते, शरीर तापल्यावर दुखणे कमी होण्याऐवजी वाढत जाते, रात्री, विश्रांतीतही ठणका राहतो, आणि त्या एका पायावर उडी मारणे अशक्य होते. सुरुवातीच्या आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये अशी चीर पुष्कळदा दिसतच नाही, त्यामुळे एक्स-रे स्वच्छ निघाला या एका आधारावर धावण्याची मुभा घेऊ नये. शंका राहिल्यास एमआरआय तपासणीनेच उलगडा होतो. जांघेत खोलवर दुखत असेल तर एक दिवसही दिरंगाई करू नये, कारण मांडीच्या हाडाच्या मानेला पडलेली चीर पुढे वाढली तर मोठी शस्त्रक्रिया ओढवते. एकाच पायाची पोटरी सुजली, लाल झाली, हाताला गरम लागू लागली, तर ती रक्ताची गुठळी असू शकते. तेव्हा मैदानाचा विचार सोडून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आपल्याकडे पाय दुखला की ‘शीर चढली’ असे निदान पुष्कळदा घरातच होते, आणि तेल जिरवून पाय रगडणे वा ओढून ‘कट्’ असा आवाज काढणे हा उपचार मायेच्या माणसांकडून होतो. थकलेल्या पोटरीला हलक्या हाताच्या मालिशाने बरे वाटते, यात शंका नाही. पण ज्या हाडाला चीर पडली आहे तेच रगडले गेले तर हानी वाढते. म्हणून नडगीवर बोट दाबून एकाच बिंदूशी कळ येते की पट्टाभर दुखते, एवढी साधी पाहणी केल्यावाचून कोणाही वडीलधाऱ्याने आपल्या घरच्या मुलाच्या पायाला हात घालू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

विश्रांतीची मर्यादा आणि भाराचे औषध

दुखापत म्हणजे सक्तीची विश्रांती, बर्फ, पट्टी आणि पाय उंच ठेवणे, ही चतुःसूत्री गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी १९७८ साली आपल्या ग्रंथातून लोकप्रिय केली आणि जगभरच्या प्रशिक्षकांनी ती शिरोधार्य मानली. पुढे २०१४च्या सुमारास त्याच मर्किनांनी, नवे पुरावे पाहून, बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांमुळे भरून येण्याची क्रिया मंदावू शकते असे जाहीरपणे लिहिले. ज्याच्या नावाने एखादे मत जग ओळखते त्यानेच ते फिरवावे, ही शास्त्राच्या प्रामाणिकपणाची साक्ष आहे. ताज्या मुरगळीला पहिले एक-दोन दिवस बर्फाने आराम पडतो. पण आठवडेच्या आठवडे रेंगाळणाऱ्या कंडरेच्या दुखण्याला केवळ बसून राहणे हा उपाय होत नाही, कारण विश्रांतीने ठणका शमतो, बळ मात्र येत नाही, आणि परत धावू लागताच तीच कळ त्याच जागी उठते.

या प्रश्नावर स्वीडनमधील शल्यचिकित्सक होकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग आजही मार्गदर्शक आहे. अकिलीसच्या जुनाट दुखण्याने त्रस्त झालेल्या १५ हौशी धावपटूंना त्यांनी एक साधा व्यायाम दिला: पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहून, टाच पायरीच्या पातळीखाली सावकाश उतरवणे, एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा किंचित वाकवून, प्रत्येकी १५ वेळा असे तीन फेरे, दिवसातून दोनदा, सलग १२ आठवडे. टाच वर उचलताना मात्र भार दुसऱ्या पायावर घ्यायचा. बारा आठवड्यांनंतर ते सर्वच्या सर्व आपल्या पूर्वीच्या पातळीवर धावू शकले. मंद, मोजका आणि नियमित भार हेच कंडरेचे औषध आहे, हा विचार त्या प्रयोगामुळे दृढ झाला. या औषधाला घराच्या ओट्याची एक पायरी पुरते, परंतु त्याला १२ आठवडे लागतात. शर्यतीला तीन आठवडे उरले असता ते सुरू करून चमत्काराची अपेक्षा ठेवणे व्यर्थ आहे.

उरलेल्या दिवसांत धावावे की नाही, याचा निवाडा करण्यासाठी उपचारतज्ज्ञ शून्य ते दहा अशा मापाचा उपयोग करतात, ज्यात शून्य म्हणजे वेदनेचा पूर्ण अभाव आणि दहा म्हणजे असह्य वेदना. कंडरेच्या व वाटीच्या दुखण्यात धावताना वेदना पाचपर्यंत गेली, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ती मूळ पातळीवर उतरली आणि आठवड्यागणिक वाढत गेली नाही, तर बेताचे धावणे चालू ठेवण्यास सामान्यतः हरकत नसते. लंगडत पाऊल पडू लागले की मात्र तेथेच थांबावे, कारण एका पायाला वाचवताना दुसऱ्या पायावर नवे संकट येते. हाडाच्या दुखण्याला हे माप लागू नाही. तेथे धावताना येणारी अल्प वेदनाही मान्य करता येत नाही. या मापाची नोंद रोज एका वहीत करावी, म्हणजे शर्यतीचा दिवस जवळ आल्यावर मन जे विसरू पाहते ते कागद विसरू देत नाही.

थांबलेल्या धावपटूला सर्वांत अधिक छळते ती भीती ही, की इतक्या महिन्यांची कमाई वाया जाईल. या भीतीला मोजमापाने उत्तर देता येते. एडवर्ड कॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, उत्तम तयारीच्या खेळाडूंनी सराव पूर्णपणे बंद केला असता प्राणवायू वापरण्याची त्यांची कमाल क्षमता सुमारे तीन आठवड्यांत ७ टक्क्यांनी आणि आठ आठवड्यांत १६ टक्क्यांनी घटली. म्हणजे दहा-बारा दिवसांच्या विश्रांतीने होणारे नुकसान अल्प असते. आणि त्या दिवसांत पोहणे, सायकल चालवणे किंवा पोहण्याच्या तलावात कमरेला तरंगणारा पट्टा बांधून खोल पाण्यात धावणे चालू ठेवले, तर तेही बहुतांशी टळते. शिवाय शर्यतीपूर्वीच्या दोन-तीन आठवड्यांत अंतर ४० ते ६० टक्के कमी करावे, असे निरोगी धावपटूलाही सांगितले जातेच. दुखऱ्या पायाने मागितलेली सवड या नियोजित सवडीत पुष्कळ अंशी सामावून जाते.

गोळी घेऊन लपवलेली वेदना

वेदनाशामक गोळीचा मार्ग सर्वांत सोपा आणि सर्वांत फसवा. २००४ साली अथेन्स येथे भरलेल्या ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉनची विश्वविक्रमी धावपटू, ब्रिटनची पौला रॅडक्लिफ, विजयाची प्रबळ दावेदार होती. आदल्याच वर्षी तिने लंडनमध्ये २ तास १५ मिनिटे २५ सेकंद अशी वेळ नोंदवली होती. शर्यतीच्या दोन आठवडे आधी तिच्या पायाला दुखापत झाली. ती शमवण्यासाठी घ्याव्या लागलेल्या दाहशामक औषधांच्या मोठ्या मात्रेने तिचे पोट बिघडले, अन्न अंगी लागेना, आणि सुमारे ३६ किलोमीटरनंतर ती रस्त्याच्या कडेला रडत थांबली. पायाने सुरू झालेले संकट पोटाच्या वाटेने आले. पण त्याच वर्षी, ७ नोव्हेंबरला, तिने न्यूयॉर्कची मॅरेथॉन जिंकली; म्हणजे अथेन्सला थांबण्याने तिचे काही संपले नाही. चार वर्षांनी बीजिंग ऑलिम्पिकपूर्वी तिच्या मांडीच्या हाडाला चीर पडली. अपुऱ्या तयारीने ती तेथे धावली आणि २३वी आली. जगातील सर्वोत्तम वैद्यकीय मदत हाताशी असूनही हाडाने आपली मुदत कमी केली नाही.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या आपल्याकडे औषधांच्या दुकानात चिठ्ठीवाचूनही मागितल्या जातात. त्यांचा धोका दीर्घ अंतराच्या शर्यतीत विशेष वाढतो, कारण घामाने शरीरातील पाणी घटलेले असता मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह आधीच कमी झालेला असतो आणि या गोळ्या तो आणखी घटवतात. कोकणपट्टीच्या दमट हवेत, जेथे जानेवारीतही ऊन चढू लागताच अंग निथळते, हा धोका अधिकच गंभीर ठरतो. त्याहून मोठी गोष्ट ही, की गोळीने दुखापत बरी होत नाही. तिची केवळ तक्रार दाबली जाते. शर्यतीच्या दिवशी गोळीवाचून उभे राहवत नसेल, तर तो न धावण्याचाच दाखला समजावा.

मांडव्याच्या पोराची वाट

दुखापतीने थांबून पुन्हा उभे राहण्याचे महाराष्ट्राजवळ स्वतःचे उदाहरण आहे. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा या गावी १९९४ साली शेतकरी कुटुंबात जन्मलेले अविनाश साबळे सैन्यात महार रेजिमेंटमध्ये दाखल झाले, सियाचीनच्या बर्फात आणि राजस्थानच्या वाळवंटात त्यांनी सेवा बजावली, आणि सैन्याच्या क्रॉस कंट्री शर्यतींमधून ते ३,००० मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळले. २०१८ साली ऐन उमेदीत त्यांच्या घोट्याला दुखापत झाली आणि जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेची पात्रता हातून गेली. एका तरुण जवानाला चार वर्षांतून एकदा येणारी संधी गमावणे किती जड गेले असेल, हे सांगण्याची गरज नाही. पण तेथून ते आपले सैन्यातील प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्याकडे परतले आणि सप्टेंबर २०१८मध्ये भुवनेश्वर येथील राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी ८ मिनिटे २९.८० सेकंद अशी वेळ देऊन गोपाल सैनी यांचा १९८१ सालापासून अबाधित असलेला राष्ट्रीय विक्रम मोडला.

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. २०२० साली दिल्लीत त्यांनी अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत धावून त्याही अंतराचा राष्ट्रीय विक्रम केला. २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. आणि हांगझोऊ येथे २०२३ साली, जी आशियाई स्पर्धा पाच वर्षांपूर्वी घोट्याने हिरावली होती, तिचे सुवर्णपदक त्यांनी मिळवले. जुलै २०२५मध्ये मोनॅको येथे पाण्याच्या अडथळ्यावर पडून त्यांच्या गुडघ्याचा बंध फाटला, शस्त्रक्रिया करावी लागली आणि त्या वर्षीची जागतिक स्पर्धा त्यांना सोडावी लागली. इतक्या मोठ्या धावपटूलाही दोनदा थांबावे लागते. आणि पहिल्या थांब्यानंतर जे घडले ते पाहता, थांबणे आणि संपणे यांत किती अंतर आहे हे स्पष्ट दिसते.

कारणाचा तपास

दुखणे शमले तरी त्याचे कारण शिल्लक राहिले तर ते परत येते, म्हणून कारणाचा बंदोबस्त आवश्यक आहे. जासई-उरण पट्ट्यात पहिले कारण रस्ता आहे. काँक्रीटचा कठीण पृष्ठभाग, वाहनांच्या भीतीने सदैव एकाच कडेने धावणे आणि पाणी वाहून जाण्यासाठी त्या कडेला दिलेला उतार, यांमुळे एक पाय रोज किंचित खाली आणि एक किंचित वर पडतो. जेथे सुरक्षित असेल तेथे जाताना-येताना बाजू बदलता येईल असा मार्ग निवडावा, आणि आठवड्यातील काही धावा तरी शाळेच्या मैदानावर किंवा शेताच्या रुंद, सपाट बांधावर घ्याव्यात. बूट शर्यतीच्या तोंडावर बदलू नयेत. बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्प ऑलिम्पिकची ४२.७५ किलोमीटरची मॅरेथॉन २ तास ५० मिनिटांत धावून १९वे आले, त्या पिढीची मुले अनवाणी पायांनी शेतात राबून आणि रस्त्यांवर धावून तयार झालेली होती. आयुष्यभर हळूहळू कमावलेली सवय आणि एकाएकी केलेला बदल या दोहोंत हाड फार फरक करते.

दुसरे कारण आहार. आपण जेवढे खर्च करतो तेवढे जेवलो नाही, तर शरीर हाडांच्या वाट्याला कात्री लावते. स्त्री-धावपटूंच्या बाबतीत पाळी अनियमित होणे किंवा बंद पडणे हा त्याचा स्पष्ट इशारा असतो आणि तो लपवण्यासारखा नसून डॉक्टरांना सांगण्यासारखा असतो. मुंबई मॅरेथॉनच्या तयारीचे सर्वांत जड आठवडे बहुधा मार्गशीर्षातच येतात, आणि गुरुवारचे व्रत घराघरांत श्रद्धेने पाळले जाते. उपवासाच्या दिवशी लांब धाव ठेवू नये आणि संध्याकाळी पोटभर जेवावे, एवढी तजवीज केली तर व्रत आणि हाड दोन्ही सांभाळता येतात. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. आगरी-कोळ्यांच्या ताटातला सुका जवळा आणि काट्यांसकट खाल्ली जाणारी लहान मासळीही याच कामाची आहे. महागड्या डब्यांतील पूड विकत घेण्याआधी घरच्या चुलीवरचे हे धन ओळखावे.

पोलिस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांची गोष्ट थोडी वेगळी आहे. शिपाईपदासाठी मुलांना १,६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर, तर राज्य राखीव दलासाठी ५ किलोमीटर धावावे लागते. आणि तेथे तारीख सरकारी दप्तरातून येते, वयाची अट मागे लागलेली असते, घरची आशा त्या एका दिवसावर टेकलेली असते. अशा मुलाला ‘पुढच्या वर्षी धाव’ हा सल्ला देताना जीभ अडखळते. म्हणूनच त्याच्या बाबतीत जाहिरात निघाल्यावर धावपळ करण्यापेक्षा वर्षभर थोडे-थोडे धावणे आणि आठवड्यातून दोनदा पोटरी-मांडीला बळ देणारे व्यायाम करणे, हाच एकमेव भरवशाचा मार्ग आहे. शिन पेन अंगावर काढणारा उमेदवार मैदानाच्या दिवशी लंगडतो, आणि त्या दिवशी त्याला कोणताही डॉक्टर सोडवू शकत नाही.

निर्णयाची तारीख

शर्यतीत उतरायचे की नाही, हे शर्यतीच्या सकाळी ठरवू नये. वाद्ये वाजत असतात, मित्र सोबत असतात, छातीवर क्रमांक लावलेला असतो. अशा वेळी मन तटस्थ राहत नाही. निर्णयाची तारीख दहा दिवस आधीची ठरवावी, ती घरच्यांना आणि प्रशिक्षकांना सांगून ठेवावी, आणि कसोटीही आधीच लिहून ठेवावी: सलग तीन दिवस लंगडल्यावाचून चालता येते का, जिना उतरता येतो का, एका पायावर दहा उड्या वेदनेवाचून मारता येतात का, आणि तासभर सावकाश धावल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पाय शांत असतो का. चारही उत्तरे होकारार्थी असतील तर खुशाल धावावे, वेळेचा हट्ट मात्र सोडावा. एकही नकारार्थी असेल तर अंतर कमी करावे किंवा त्या वर्षी पाणी वाटण्याच्या टेबलाशी उभे राहावे. मुंबईची शर्यत २००४ सालापासून भरते आहे आणि पुढेही भरेल. दुर्लक्षिलेली चीर वाढून हाड तुटले तर मात्र किती तरी जानेवारी हातचे जातील.

या निर्णयात धावपटूला एकटे सोडणे बरोबर नाही. ज्या पट्ट्याने बंदरासाठी, रेल्वेसाठी आणि नव्या शहरासाठी आपल्या भातजमिनी दिल्या, त्या पट्ट्यातील मुलांना ट्रेलरांच्या कडेने काँक्रीटवर धावावे लागू नये, यासाठी चारशे मीटरची एक मातीची धावपट्टी आणि आठवड्यातून एक दिवस प्राथमिक आरोग्य केंद्रात बसणारा फिजिओथेरपिस्ट मागणे, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. ग्रामपंचायतीने तसा ठराव करावा, तरुण मंडळांनी त्याचा पाठपुरावा करावा, आणि न्याय्य हक्कासाठी चिकाटीने कसे उभे राहावे हे या गावाला कोणी शिकवण्याची आवश्यकता नाही. घराघरांतील वडीलधाऱ्यांनी एवढे मात्र आजच करावे: पदक घेऊन आलेल्या मुलीच्या पाठीवर जी थाप देतात, तीच थाप, दुखणे ओळखून वेळीच थांबलेल्या मुलीच्या पाठीवरही द्यावी.